दोन फुटांच्या समुद्रातली वाळू

बदलापूर-अंबरनाथच्या वन बीएचकेत समुद्र ठेवायचा म्हटलं, तर तो बहुधा दोन फूट लांब, एक फूट रुंद आणि सव्वा फूट उंच असतो. हिशेबाने 70 लिटर. दगड आणि वाळू घातली की पाणी उरतं 55 ते 60 लिटर. त्यात दोन क्लाउनफिश, एखादी कोलंबी आणि तळाला पांढरीशुभ्र वाळू. पहिला महिना ती वाळू अशी दिसते की पाहुण्यांना माशांच्या आधी तीच दाखवावीशी वाटते. पाचव्या-सहाव्या आठवड्यात तिच्यावर तपकिरी थर चढतो, आणि टाकीचा मालक 'वाळू साफ करणारं काहीतरी' आणायला लोकल पकडतो.

माझंही तसंच झालं होतं. दुकानदाराने टाकीचं माप विचारलं आणि वीस स्नेल म्हणजे गोगलगायी, दहा हर्मिट म्हणजे संन्यासी खेकडे आणि एक सँड स्टार म्हणजे तारामासा बांधून दिला. पहिला आठवडा वाळू खरोखर चकचकीत होती. दीड महिन्यात बारा गोगलगायी मेल्या, चारांची कवचं हर्मिटनी पळवली आणि तारामासा एका सकाळी वाळूवर विरघळल्यासारखा पडलेला दिसला. पाण्यात अमोनिया चढला तो वेगळाच. सफाईसाठी आणलेल्यांनीच सगळ्यात जास्त घाण केली होती. चूक त्यांची नव्हती. 70 लिटरच्या टाकीत एवढ्या तोंडांना पुरेल इतकं अन्न नव्हतंच.

दुकानात 'क्लीनर' म्हणून मिळणारा प्रत्येक जीव आधी खाणारा असतो. तो काय खातो आणि ते आपल्या वाळूत किती आहे, एवढा हिशेब जमला की निवड सोपी होते. म्हणून दुकानात जाण्याआधी टाकीसमोर बसून वाळूवर नेमकं काय आहे ते पाहा.

पिठासारखा तपकिरी थर असेल, बोट फिरवलं की धुरळा उडत असेल, तर ते डायटम. नव्या टाकीत ते येतातच. पाण्यातलं आणि वाळूतलं सिलिकेट संपत आलं की काही आठवड्यांत आपोआप ओसरतात, आणि ते आवडीने खाणारे जीवही आहेत. जांभळट-लाल, सायीसारखा पापुद्रा असेल आणि नळीने ओढल्यावर अख्खा सुटून येत असेल, तर ते सायनोबॅक्टेरिया. ते साफ करून देईल असा भरवशाचा प्राणी दुकानात नाही. तिथे माशांचं खाणं कमी करणं, पाण्याचा प्रवाह वाढवणं आणि नळीने ओढून काढणं हाच इलाज. तिसरा प्रकार वाईट: शेंबडासारखे तपकिरी धागे, त्यात अडकलेले हवेचे बुडबुडे, सकाळी कमी आणि दुपारी पुन्हा जास्त. हे डायनोफ्लॅजेलेट. यांतले काही विषारी असतात आणि ते खाऊन गोगलगायी मरतात. अशा वेळी नवे स्नेल आणणं म्हणजे पैसे आणि जीव दोन्ही घालवणं. आणि वाळूवर थर नसून फक्त उरलेले दाणे आणि माशांची विष्ठा दिसत असेल, तर आधी आपला हात आखडता घ्या. दोन क्लाउनफिशना दिवसातून दोनदा चिमूटभर खाणं पुरतं. घरातला प्रत्येक जण 'मी टाकलं नव्हतं' म्हणून टाकत असेल, तर त्याला कुठलीही गोगलगाय पुरी पडणार नाही.

एवढं पाहूनही प्राणी आणायचे ठरले, तर पहिलं नाव नसेरियसचं. शेंगदाण्याएवढी, करड्या-तपकिरी कवचाची ही गोगलगाय दिवसभर वाळूत गाडलेली असते. वर दिसते फक्त तिची सोंड, पाणबुडीच्या दुर्बिणीसारखी. टाकीत खाणं पडलं की मिनिटाभरात वाळूतून चार-पाच डोकी फुटतात आणि वासाच्या दिशेने धावत सुटतात. हो, गोगलगाय असून धावतात. मुलांना टाकीतला हाच कार्यक्रम सगळ्यात आवडतो. नसेरियस शेवाळ खात नाही. ती उरलेलं खाणं, मेलेला मासा, मेलेली कोलंबी असलं खाते, आणि वाळूतून वर-खाली करताना वरचा थर हलता ठेवते. त्यामुळे तपकिरी थरासाठी नसेरियस आणली तर उपयोग शून्य. आपल्या 70 लिटरला तीन किंवा चार पुरतात. मासे नीट खातात आणि खाली काही उरत नाही अशी टाकी असेल, तर आठवड्यातून दोनदा एखादा बुडणारा दाणा खास त्यांच्यासाठी टाकावा लागतो. ज्यांना उष्टं खायला आणलं, त्यांना ताट वाढावं लागतं. गंमत वाटते, पण न वाढल्यास त्या उपाशी मरतात.

घेताना एक सावधगिरी. नसेरियसच्या नावाखाली कधी कधी दुसऱ्याच मांसाहारी गोगलगायी हातात पडतात. गुळगुळीत पांढऱ्या कवचावर ठळक तपकिरी ठिपके असलेली बॅबिलोनिया त्यांतली एक. दक्षिणेच्या किनाऱ्यावर ती खाण्यासाठी पकडतात. ती बरीच मोठी होते आणि छोट्या टाकीत तिचं पोट भरत नाही. मिळालेली गोगलगाय शेंगदाण्याहून खूप मोठी किंवा फार सुंदर असेल, तर जरा थांबा.

तपकिरी थरासाठी माझी पसंती सेरिथला. लांबट, निमुळती, मळकट रंगाची, दुकानातल्या टाकीत सहज नजरेतून सुटेल अशी. दिवसा वाळूत किंवा दगडाच्या खाचेत, रात्री दिवे गेले की बाहेर. वाळूचा वरचा थर, काचेचा खालचा कोपरा, दगडाचा पाया अशा तिन्ही ठिकाणी ती डायटम आणि बारीक शेवाळ खाते. उलटी पडली तर स्वतः सरळ होते. हा गुण लहान वाटतो, पण तो नसल्याने कितीतरी टर्बो गोगलगायी वाळूवर उताण्या पडून मरतात. चार-पाच सेरिथ बास. काही महिन्यांनी काचेवर पांढऱ्या दोऱ्याची नागमोडी नक्षी दिसली तर खरवडू नका, ती त्यांची अंडी. पिल्लं क्वचितच जगतात, पण अंडी दिसली म्हणजे टाकी त्यांना मानवली.

काच आणि दगडांसाठी एखाद-दुसरी ट्रोकस गोगलगाय ठेवता येते, पण तो वाळूचा विषय नाही. नेराइट काच छान साफ करते आणि पाण्याची रेघ ओलांडून बाहेर फिरायला जाते. सकाळी चपलेखाली कर्रकन आवाज आला की कळतं.

संन्यासी खेकड्याचं, म्हणजे हर्मिटचं, सगळे कौतुक करतात. मी फारसं करत नाही. तो शेवाळ खातो, दाणे खातो, वाळू उकरतो, हे खरं. पण वाढला की त्याला मोठं कवच लागतं आणि ते कवच बहुतेक वेळा जिवंत गोगलगायीच्या अंगावर असतं. ठेवायचेच असतील तर छोट्या जातीचे दोन, आणि त्यांच्यापेक्षा थोड्या मोठ्या मापाची पाच-सहा रिकामी कवचं टाकीत. नाव संन्यासी असलं, तरी घराचा सोस त्याला कुणाहून कमी नाही.

आता जे घेऊ नयेत त्यांच्याबद्दल. परदेशी पुस्तकांत आणि व्हिडिओंत वाळूसाठी ज्यांची शिफारस असते, त्यांतले बरेच आपल्या मापाचे नाहीत, आणि काही आपल्या कायद्यात बसत नाहीत.

सँड सिफ्टिंग स्टार म्हणजे वाळू चाळणारा तारामासा. वाळूतली घाण खातो हा गैरसमज आहे. तो वाळूतले जिवंत किडे, बारीक शिंपले, कवचधारी जंतू खातो, म्हणजे जे फुकटात वाळू स्वच्छ ठेवत होते त्यांनाच. दोन फुटी टाकीतली ही शिदोरी काही आठवड्यांत संपते आणि मग तो हळूहळू भुकेने झिजतो. माझ्या टाकीत तेच झालं. व्हॅलेन्सिएनिया जातीचे गोबी मासे तोंडात वाळू भरून कल्ल्यांतून गाळतात. पाहायला अप्रतिम. पण त्यांनाही मोठी, जुनी, जिवंत वाळू लागते, 200 लिटरच्या आत ते सुकत जातात, आणि उडी मारून बाहेर पडतात ते निराळंच. गोबीच हवा असेल तर पिवळा वॉचमन गोबी घ्या आणि त्याच्या जोडीला पिस्तूल कोलंबी. ती बीळ खणते, मासा दारात पहारा देतो. वाळू थोडीफार उलटीपालटी होते, सफाई मात्र यथातथाच. स्ट्रॉम्बस जातीचा शंख वाळूवरचा थर उत्तम खातो, पण 70 लिटरच्या तळावर त्याचं पोट जेमतेम भरतं. तीन-चार फुटी टाकी झाली की विचार करा.

समुद्रकाकडीचा मात्र विचारही करू नका. परदेशात ती वाळूसाठी सर्रास विकली जाते. आपल्याकडे 2001 पासून समुद्रकाकडीच्या सगळ्या जाती वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, वाघाच्या पंक्तीत. बाळगणं हाही गुन्हा, आणि शिक्षा किमान तीन वर्षांचा तुरुंगवास. लक्षद्वीपमध्ये 2020 साली चेरियापाणी इथे खास समुद्रकाकडीसाठी राखीव क्षेत्र जाहीर करावं लागलं, इतकी तिची तस्करी होते. कुणी 'घ्या, कोण बघतंय' म्हणालं तरी घेऊ नका. कायदा बाजूला ठेवला तरी छोट्या टाकीत ती मेली किंवा पंपात अडकली, तर तिच्या अंगातलं विष मासे मारू शकतं. टणक प्रवाळाच्या सगळ्या जाती त्याच अनुसूचीत आहेत. 'लाइव्ह रॉक' म्हणून मिळणारा आपल्या किनाऱ्यावरचा प्रवाळाचा तुकडाही त्यात येतो. त्याऐवजी भाजलेल्या मातीचे किंवा सिमेंटचे तयार दगड घ्या. गोगलगायी-शंखांच्याही काही जाती संरक्षित आहेत, म्हणून पावती देणाऱ्या दुकानातूनच खरेदी करा.

'अलिबागला चाललोय, तिथूनच चार गोगलगायी उचलतो' हा मोह सगळ्यांना होतो. गिरगाव, हाजी अली, जुहू इथल्या खडकांवर ओहोटीला हर्मिट आणि सेरिथची भावंडं ढिगाने दिसतात. पण ते जीव भरती-ओहोटीच्या पट्ट्यातले. दिवसातून दोनदा कोरडं होण्याची त्यांना सवय. सतत बुडालेल्या, एकाच तापमानाच्या टाकीत त्यातले बरेच टिकत नाहीत. शिवाय काय बरोबर येईल सांगता येत नाही. ते तिथेच पाहावेत. क्लाउनफिशची पैदास आता आपल्या जवळ, ऐरोलीच्या सागरी जैवविविधता केंद्रातही होते, पण गोगलगायी बहुतेक समुद्रातूनच उचललेल्या असतात. वीस आणून बारा मारायच्या, तर त्या कुठून आल्या होत्या हे आठवावं.

फुकटचे कामकरी टाकीत आधीच असतात. रात्री टॉर्च लावून पाहिलं तर वाळूतून केसाळ, गुलाबी-करड्या अळ्या डोकावतात. यांना ब्रिसल वर्म म्हणतात. बहुतेक जण घाबरून चिमट्याने उपटून फेकतात. फेकू नका. वाळूच्या आत, जिथे गोगलगाय पोचत नाही तिथे सडकं खाणारे हेच. उघड्या हाताने धरू नका एवढंच, त्यांचे केस काचेच्या कुसळांसारखे बोटात रुततात. त्यांची संख्या एकदम वाढली, तर समजा की खाणं जास्त पडतंय.

आता आपल्या गावांचं. समुद्री प्राण्यांची पुस्तकं एप्रिलमधल्या बदलापूरला बसून लिहिलेली नसतात. इथे दुपारी पारा चाळिशी ओलांडतो, आणि बंद घरातली छोटी टाकी संध्याकाळपर्यंत 32 अंशांवर जाते. गोगलगायींना 25 ते 27 अंश मानवतात, 30च्या वर त्या मलूल होतात. कारण पाणी जितकं गरम तितका त्यात प्राणवायू कमी. चिलर महाग असतो. झाकण काढून पाण्यावर छोटा पंखा सोडला तर दोन-तीन अंश खाली येतात, पण त्या पंख्याने पाणी उडतं आणि मीठ मागे राहतं. रोज रेघ बघून तेवढं साधं आरओचं पाणी भरायचं, खारं नव्हे. पावसाळ्यात हवा दमट झाली की पंख्याचा उपयोग घटतो, पण तेव्हा उकाडाही उतरलेला असतो. म्हणून नवे प्राणी आणायचे तर नोव्हेंबर ते फेब्रुवारीत आणा.

बारवी धरणाचं पाणी असो, जीवन प्राधिकरणाचं असो की सोसायटीत आलेला टँकर, नळाचं पाणी थेट टाकीत नको. त्यातलं सिलिकेट आणि नायट्रेट डायटमला खतासारखं मिळतं, आणि मग आपण स्नेल वाढवत बसतो. आरओ यंत्रात चवीसाठी थोडं साधं पाणी मिसळणारा नॉब असतो, तो पूर्ण बंद करा आणि टीडीएस पेनने तपासा. उन्हाळ्यात पाणीकपात असते तेव्हा 20 लिटर तयार पाण्याचा कॅन भरून ठेवलेला बरा. मिठाचं प्रमाण लिटरला साधारण 35 ग्रॅम, आणि रिफ्रॅक्टोमीटरवर 1.025.

वाळू विकत घेतानाही पाहून घ्या. पाकिटावर 'मेड इन यूएसए' लिहिलंय म्हणून हुरळून जाऊ नका. उल्हासनगर जवळ असताना या तीन अक्षरांचा दुसरा अर्थ आपल्याला कुणी सांगायला नको. चमचाभर वाळूवर व्हिनेगर टाका. फेस आला तर ती चुन्याची, अ‍ॅरागोनाइटची, समुद्री टाकीला योग्य. ढिम्म राहिली तर सिलिकाची. नदीची किंवा बांधकामाची वाळू तर नकोच. दाणा एक-दोन मिलिमीटरचा आणि थर तीन-चार सेंटिमीटरचा ठेवा, म्हणजे नसेरियसला गाडून घेता येतं. दर आठवड्याला पाणी बदलताना एक तृतीयांश वाळूवरून नळी फिरवा. हे काम कुठलाही प्राणी तुमच्यासाठी करणार नाही. वर्षानुवर्षं न हललेला खोल थर मात्र एकदम ढवळू नका, खालून कुजक्या अंड्याचा वास आला तर तो वायू माशांना घातक असतो.

वीज गेली की गोगलगायी आपल्या आधी बोलतात. 27 जुलै 2019 ला उल्हास नदीला पूर आला, महालक्ष्मी एक्स्प्रेस वांगणीजवळ पाण्यात अडकली, तो दिवस इकडे कुणी विसरलेलं नाही. आमच्याकडे वीज कित्येक तास नव्हती. मेणबत्तीच्या उजेडात टाकी पाहिली, तर एरवी वाळूतून न हलणाऱ्या नसेरियस काचेवर चढून थेट पाण्याच्या रेघेपर्यंत आल्या होत्या. खाणं टाकलेलं नसताना त्या अशा वर आल्या की पाण्यातला प्राणवायू संपत चाललाय असं समजावं. त्या रात्री घरातले आलटून पालटून मगने पाणी उपसून वरून ओतत राहिलो. तेव्हापासून बॅटरीवरचा हवेचा पंप कपाटात तयार असतो. तो खिडकीत ठेवू नका. रात्री एमआयडीसीच्या बाजूने कसला तरी वास येतो तेव्हा तो पंप तीच हवा पाण्यात ढकलतो.

नवीन गोगलगाय टाकीत सोडायची घाई करू नका. माशांवरचे परजीवी आटोक्यात राहावेत म्हणून पुष्कळ दुकानं पाण्यात मीठ कमी ठेवतात. मासा तो फरक सोसतो, गोगलगायीला तो झेपत नाही. पिशवीतलं पाणी गोगलगायीसकट भांड्यात ओता, हवेच्या बारीक नळीला गाठ मारून टाकीतलं पाणी थेंब थेंब सोडा, तासभर तरी. मग गोगलगाय उचलून टाकीत, भांड्यातलं पाणी मोरीत. पांढऱ्या ठिपक्यांच्या रोगावर तांब्याचं औषध कधीही या टाकीत घालू नका. माशांना वाचवणारी मात्रा गोगलगायींना आणि कोलंब्यांना मारते, आणि वाळू-दगडांत मुरलेलं तांबं सहजासहजी जात नाही. आजारी मासा वेगळ्या बादलीत काढा.

दुकानात निवडताना थोडं खाणं टाकायला सांगा. नसेरियस वाळूतून वर आल्या तर त्या घ्या. दोन दिवस एकाच जागी पडून असलेली गोगलगाय उचलून हुंगा. मेलेलीचा वास विसरता येत नाही. घरच्या टाकीतही मेलेली लगेच काढा, 70 लिटर पाणी नासवायला एकच पुरेशी असते. आणि हौस संपली, बदली झाली, तर उरलेले जीव दुकानाला किंवा दुसऱ्या टाकीवाल्याला द्या. उल्हासमध्ये किंवा वालधुनीत सोडणं म्हणजे गोड्या पाण्यात त्यांना मारणं.

क्रॉफर्ड मार्केटला जाणार असाल तर रविवार टाळा, त्या दिवशी मेगाब्लॉक असतो. शनिवारी सकाळी लवकर निघा, आणि संध्याकाळच्या गर्दीआधी परतीची लोकल धरा. सीएसएमटी ते बदलापूर दीड तासाचा रस्ता, आणि गर्दीच्या डब्यात पिशवीतलं पाणी पाहता पाहता तापतं. थर्मोकोलचा डबा घरूनच घेऊन जा.